हायफीमा आणि गुठळी टिकवणारी औषधे

डोळ्याला मुका मार लागल्यावर कॉर्नियाची पारदर्शक काच आणि तिच्यामागचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, यांच्यामधल्या पाणीदार कप्प्यात रक्त साचते. त्याला हायफीमा म्हणतात. फुटलेल्या शिरेच्या तोंडाशी धरलेली गुठळी वेळेआधी विरघळू नये आणि तिथूनच पुन्हा रक्त येऊ नये, यासाठी अमिनोकॅप्रोइक आम्ल किंवा ट्रॅनेक्सॅमिक आम्ल पाचएक दिवस देण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून नेत्रवैद्यकात आहे. या औषधांना अँटिफायब्रिनोलिटिक म्हणतात. ती साचलेले रक्त घालवत नाहीत, उलट ते थोडे जास्त दिवस डोळ्यात राहू देतात. या उपचारावरचा जुना वाद इथूनच सुरू होतो.

कारणे बहुतेक खेळातली, भांडणातली किंवा अपघातातली असतात. चेंडू, विटी, शटलकॉक, दगड, ठोसा, फटाक्याचा उडालेला तुकडा. रुग्णांत मुलगे आणि तरुण पुरुष जास्त. फटका बसला की डोळ्याचा गोळा पुढून मागे दाबला जातो आणि आडवा ताणला जातो. त्या ताणाने आयरिसच्या मुळाशी आणि त्याला लागून मागे असलेल्या स्नायूच्या कड्याच्या, म्हणजे सिलिअरी बॉडीच्या, तोंडाशी चीर पडते आणि तिथल्या रक्तवाहिन्या फुटतात. रुग्ण बसलेला असेल तर काही वेळात रक्त खाली उतरते आणि आयरिससमोर लाल पातळी दिसू लागते. ती कप्प्याच्या एकतृतीयांशाहून कमी असेल तर पहिली श्रेणी, अर्ध्यापर्यंत दुसरी, अर्ध्याच्या वर तिसरी, कप्पा पूर्ण भरला तर चौथी. रक्तपेशी नुसत्या तरंगत असतील, पातळी दिसत नसेल, तर तो सूक्ष्म हायफीमा. तो टॉर्चच्या उजेडात हमखास सुटतो, नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो.

पहिला रक्तस्राव सहसा आपोआप थांबतो. डोळ्यातला दाब वाढतो, शीर आकुंचते आणि फायब्रिन या धागेदार प्रथिनाची गुठळी भोक बुजवते. पेशी पुढच्या कप्प्याच्या कोनातील, म्हणजे कॉर्निया आणि आयरिस मिळतात तिथल्या, जाळीतून हळूहळू निघून जातात आणि लहान हायफीमा आठवड्याभरात साफ होतो. डॉक्टरांना खरी धास्ती असते ती दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची. शिरेची जखम भरण्याआधीच गुठळी आक्रसते व विरघळू लागते, आणि पुन्हा रक्त येते. हा दुसरा रक्तस्राव पुष्कळदा पहिल्यापेक्षा मोठा असतो. त्यात दाब चढतो, कॉर्नियात रक्ताचा डाग मुरतो, आयरिस कोनाला चिकटते, दृष्टिमज्जेला, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला, इजा होते. हे किती रुग्णांत घडते याचे आकडे मात्र कमालीचे वेगवेगळे आहेत. काही ठिकाणच्या नोंदींत शंभरात तीन-चार, तर काही ठिकाणी तीसच्याही वर. औषधाची उपयुक्तता मोजताना हा फरक सारखा आड येतो, कारण मुळात दुसरा रक्तस्राव क्वचितच होत असेल तर औषधाने टळणार काय?

गुठळी विरघळवण्याचे काम प्लाझ्मिन हे विकर करते. रक्तातला प्लाझ्मिनोजेन फायब्रिनवरील लायसिन या अमिनो आम्लाच्या जागी जाऊन बसतो, तिथे त्याचे प्लाझ्मिन होते आणि ते फायब्रिनचे धागे तोडते. अमिनोकॅप्रोइक आणि ट्रॅनेक्सॅमिक या दोन्ही आम्लांचा रेणू लायसिनसारखा दिसतो. तो प्लाझ्मिनोजेनच्या पकडीतच जाऊन बसतो, त्यामुळे प्लाझ्मिनोजेनला फायब्रिन धरता येत नाही. ही दोन्ही औषधे जपानमध्ये शोसुके आणि उताको ओकामोतो या दांपत्याच्या संशोधनातून आली. आधी १९५० च्या दशकात अमिनोकॅप्रोइक आम्ल, मग १९६२ मध्ये त्याहून कित्येक पटींनी प्रभावी असे ट्रॅनेक्सॅमिक आम्ल. उताकोबाईंच्या डोळ्यांसमोर बाळंतपणानंतर रक्तस्रावाने दगावणाऱ्या स्त्रिया होत्या. नेत्ररोग हा पुढे फुटलेला फाटा. महाराष्ट्रात ट्रॅनेक्सॅमिकची गोळी अनेक घरांना माहीत आहे ती पाळीतल्या जास्त रक्तस्रावासाठी.

चाचण्या काय सांगतात

डोळ्यासाठीची सर्वांत गाजलेली चाचणी क्राउच आणि फ्रेंकेल यांनी अमेरिकेत १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. अमिनोकॅप्रोइक आम्ल घेतलेल्या ३२ रुग्णांपैकी एकालाच पुन्हा रक्तस्राव झाला, निष्क्रिय औषध घेतलेल्या २७ पैकी नऊ जणांना झाला. असा लख्ख फरक क्वचित दिसतो, आणि पुढची अनेक वर्षे हे औषध तिकडच्या रुग्णालयांत नेमाने दिले जाऊ लागले. मात्रा जबर होती: दर चार तासांनी, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १०० मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ३० ग्रॅम. मळमळ, उलट्या, उठताना चक्कर येणे हे त्यामुळे ठरलेलेच. डोळ्यात रक्त असलेल्या माणसाला ओकारीचे उमाळे येणे कोणालाच नको असते. पुढे निम्म्या मात्रेनेही तेवढेच काम होते असे दिसले, आणि पापणीच्या आत लावायचे जेलही तपासले गेले.

मग स्टिरॉइडची बाजू पुढे आली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पोटातून दिलेले प्रेडनिसोन हे स्टिरॉइड आणि अमिनोकॅप्रोइक आम्ल यांच्या गटांत पुन्हा रक्तस्राव सारखाच निघाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इराणमधील चाचणीत मात्र तिन्ही गटांत उतरंड दिसली: ट्रॅनेक्सॅमिक घेणाऱ्यांत सुमारे १० टक्के, प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत १८, निष्क्रिय औषधावर २६.

वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यांनी या सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांचा निष्कर्ष थोडा हिरमोड करणारा आहे. ही औषधे दुसरा रक्तस्राव कमी करतात असे पुरावे सुचवतात, पण अखेरीस रुग्णाला किती दिसते यात ठोस फरक आढळत नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. हायफीमाच्या डोळ्याची नजर पुष्कळदा ठरते ती त्याच फटक्याने रेटिनाला (डोळ्याच्या मागच्या पडद्याला), त्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराला, म्हणजे कोरॉइडला, किंवा दृष्टिमज्जेला झालेल्या इजेवरून, आणि गुठळी टिकवून ती इजा भरून येत नाही. शिवाय अमिनोकॅप्रोइक आम्लाने रक्त साफ व्हायला जास्त दिवस लागतात, हेही चाचण्यांत दिसले. म्हणून सरसकट प्रत्येकाला हे औषध देण्याला आज आधार दुबळा आहे. ज्याचा डोळा दुसरा रक्तस्राव सोसणार नाही, अशा निवडक रुग्णासाठी विचार करणे रास्त ठरते.

कोणाला, कसे

ट्रॅनेक्सॅमिक आम्ल चाचण्यांत साधारणपणे किलोमागे २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पोटातून दिले गेले. मूत्रपिंड अधू असल्यास मात्रा घटवावी लागते. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णाला ही औषधे देत नाहीत, गरोदरपणात टाळतात. कप्पा पूर्ण रक्ताने भरलेला असेल तर ती गुठळी आणखी टिकवण्यात शहाणपण नाही.

सिकलसेल असलेला रुग्ण हे वेगळेच प्रकरण आहे. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत हा आजार बऱ्यापैकी आढळतो, त्यामुळे तिथे हायफीमाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी व्हायला हवी. विळ्याच्या आकाराच्या ताठ पेशी कोनातील जाळी तुंबवतात, आणि दृष्टिमज्जेचा रक्तपुरवठा आधीच नाजूक असल्याने इतरांना चालून जाईल एवढा दाबही त्यांना आंधळे करू शकतो. दाब उतरवण्याची नेहमीची ॲसिटाझोलामाइडची गोळी त्यांना टाळतात, कारण तिच्यामुळे पेशी आणखी विळ्यासारख्या होतात. दुसरा रक्तस्राव टाळण्याची निकड इथे सर्वाधिक आहे, पण शरीरात इतरत्र गुठळ्या होण्याचा धोकाही याच रुग्णांत जास्त, त्यामुळे निर्णय नेत्रतज्ज्ञाने एकट्याने घेण्यासारखा नसतो.

औषध दिले काय, न दिले काय, बाकीची व्यवस्था तीच राहते: डोळ्यावर कडक ढाल, उशाशी उंची, धावपळ बंद, ॲट्रोपिनसारखे आणि स्टिरॉइडचे थेंब, दाबाची रोज मोजणी. वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, पॅरासिटॅमॉल चालते. दाब उतरतच नसेल किंवा कॉर्नियात डाग दिसू लागला, तर रक्त धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया करतात.

गोळ्या थांबवल्यावर राखून ठेवलेली गुठळी पुढच्या काही दिवसांत एकदम विरघळू शकते आणि तिचे अवशेष जाळीत अडकून दाब चढतो. म्हणून शेवटच्या गोळीनंतरही दाब मोजत राहावा लागतो. रक्त गेल्यावर चार ते सहा आठवड्यांनी गोनिओस्कोपीने कोन पाहतात. तो फाटून मागे सरकलेला आढळला, तर काचबिंदू काही वर्षांनीही उद्भवू शकतो, आणि त्या रुग्णाला दरवर्षी दाब तपासून घ्यायला सांगतात.