नवी मुंबईतील उद्याने व धारण तलाव

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर वसलेल्या नवी मुंबईत मुलाबाळांना घेऊन फिरायला जाण्याची अनेक नेहमीची ठिकाणे पाण्याकाठी आहेत. यातले बरेचसे पाणी शोभेसाठी अडवलेले नाही. ते शहर बुडू नये म्हणून राखलेले आहे. धारण तलाव हे त्याचे कागदोपत्री नाव. रहिवाशांच्या तोंडी मात्र ‘होल्डिंग पॉन्ड’ हाच शब्द असतो.

मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी 1960 च्या दशकात मांडली. त्यासाठी 17 मार्च 1970 रोजी सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची स्थापना झाली. शहरासाठी घेतलेल्या जमिनी आगरी-कोळी गावांच्या होत्या. त्यांत भातशेती होती, मिठागरे होती आणि भरतीचे पाणी शिरणारी खाजणेही होती. पुढे त्यांवर सेक्टर पाडले गेले, सेक्टरांच्या आराखड्यात मैदाने आणि बागा राखल्या गेल्या. म्हणून इथे घराजवळ एखादी तरी बाग सापडते. 1992 पासून महानगरपालिका झाल्यावर यांतल्या बहुतेक बागांची देखभाल तिच्याकडे आली.

खाजणाच्या जमिनीची अडचण उघड आहे. मोठ्या भरतीला खाडीची पातळी सखल भागापेक्षा वर जाते. त्याच वेळी मुसळधार पाऊस असेल, तर नाल्यांतल्या पाण्याला जायला वाटच उरत नाही. धारण तलाव तेवढ्या काही तासांपुरता कामाला येतो. भरती चढू लागली की तलावाच्या तोंडाशी बसवलेल्या झडपा खाडीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि नाल्यांचे पाणी तलावात साठत राहते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने त्या उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत उतरते. कोकणात खारभूमीतली भातशेती राखताना बांधात ‘उघाडी’, म्हणजे झडपेचे तोंड, ठेवतात, तिचे तत्त्वही हेच. शेतकऱ्यांचे हे जुने शहाणपण शहराच्या पोटात आजही काम करत आहे, ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळकरी मुलाला तलावाच्या काठावर उभे करून सांगायला हवी.

वाशीच्या सेक्टर 10 मधला ‘मिनी सीशोर’ हा अशाच तलावाचा काठ आहे. सकाळी चालणारे आणि हास्यक्लबवाले, संध्याकाळी सायकल शिकणारी मुले, शेजारी भाजलेले मक्याचे कणीस आणि पाणीपुरी असे त्याचे रोजचे वेळापत्रक. नेरुळला पामबीच मार्गालगतच्या तलावाभोवती फिरण्याचा लांबलचक मार्ग बांधून ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उभे राहिले. वाहनांची भीती नसल्यामुळे आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच वेळी जिथे निर्धास्त चालू शकतात, अशा शहरातल्या मोजक्या जागांपैकी ही एक.

या तलावांचे दुखणे गाळाचे आहे. भरतीबरोबर आणि नाल्यांतून येणारा गाळ तळाशी बसतो, साठवणक्षमता घटते, आणि गाळावर कांदळवन रुजते. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढणे परवानग्यांत अडकते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तलाव उथळ झाला तर वस्तीत पाणी शिरते, आणि कांदळवन तोडले तर किनाऱ्याचे कवच जाते.

पाण्यापासून दूर असलेल्या बागांत नेरुळचे वंडर्स पार्क मुलांचे सर्वांत लाडके. ते 2012 मध्ये खुले झाले. ताजमहालासह जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आणि छोटी रेल्वे हे तिथले आकर्षण. नेरुळचेच संत गाडगेबाबा उद्यान ‘रॉक गार्डन’ म्हणून ओळखले जाते. कोपरखैरणेच्या सेक्टर 14 मधील निसर्गोद्यानाला मात्र वेगळा मान द्यावा लागेल, कारण ते बंद केलेल्या कचराभूमीवर फुलवलेले आहे.

खारघरची ओळख डोंगराची आहे. तिथले सेंट्रल पार्क आकाराने ऐसपैस आहे, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाल्यापासून त्याच नावाच्या स्थानकामुळे तिथे पोहोचणेही सोपे झाले. जवळच्या पांडवकडा धबधब्याचा पावसाळ्यातला मोह मोठा असतो. तिथे बुडून अनेक जीव गेले आहेत. त्यामुळे पावसाळ्यात बंदी घातली जाते. मुलांना तो लांबूनच दाखवावा.

हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत शहराचा खरा सोहळा रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा असतो. खाडीचा 1,690 हेक्टर भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून पक्षी पाहण्यासाठी बोटी सुटतात. नेरुळच्या डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळच्या तलावावर 2024 मध्ये रोहितांचे मृत्यू झाले, तेव्हा तलावात येणारे भरतीचे पाणी अडल्याकडे पक्षीप्रेमींनी लक्ष वेधले होते.

पक्षी पाहायला जाण्याची वेळ घड्याळापेक्षा भरती ठरवते. ओहोटीला रोहित खाडीच्या उघड्या चिखलात चरतात. त्या वेळी वाशीच्या सागर विहारचा काठ सोयीचा. भरती चढली की चिखल झाकला जातो आणि पक्षी नेरुळच्या पाणथळींकडे सरकतात. बोटीही पुरेसे पाणी असतानाच निघतात. पौर्णिमा-अमावास्येला या किनाऱ्यावर मोठी भरती दुपारच्या सुमारास असते आणि अष्टमीला सकाळ-संध्याकाळ, म्हणून निघण्यापूर्वी दिनदर्शिकेत तिथी पाहून घ्यावी.