पाताळेश्वर: कातळातून उरलेलं मंदिर

पुण्यात जंगली महाराज रस्त्याला लागून, पण रस्त्याच्या पातळीच्या खाली, पाताळेश्वराचं लेणं आहे. आपण त्याला सर्रास मंदिर म्हणतो आणि ते बरोबरच आहे, पूजाअर्चा आजही चालते. पण इथे दगडावर दगड रचलेला नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या अमलात, जमिनीतला कातळ वरून खाली खोदत नेला आणि नको तो दगड काढून टाकला. त्याच घराण्याच्या कृष्ण पहिला याच्या काळातल्या, 758 आणि 768 सालच्या ताम्रपटांत पुण्याच्या परिसराचा उल्लेख 'पुण्य विषय', 'पुनक विषय' असा येतो; विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा. वेरूळच्या कैलासाचं श्रेयही याच राजाला देतात.

अंगणात समोरच नंदीमंडप. छत गोल, छत्रीसारखं. खांब मात्र चौकोनी, दणकट. हा मंडप बाहेरून आणून बसवलेला नाही. भोवतालचं अंगण खोदताना मधला कातळ मुद्दाम राखला आणि त्यातूनच मंडप घडवला. म्हणजे त्याचा घेर सुरुवातीलाच ठरलेला असणार. चिरेबंदी बांधकामात बिघडलेला चिरा बदलता येतो. इथे छिन्नी जास्त खोल गेली की संपलं.

असलं धाडस बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, शोभतं. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा खडक तयार झाला. लाव्हा थंड होताना आकसतो, म्हणून घट्ट बेसाल्टला उभ्या-आडव्या भेगा पडतात. वायूचे बुडबुडे अडकलेल्या कुहरी बेसाल्टला त्या मानाने भेगा कमी, म्हणून तो अखंड कोरायला सोयीचा. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजं भरली; पुण्याच्या टेकड्यांवर दगडात दिसणारे पांढरे ठिपके बहुतेकदा तेच.

बेसाल्ट दाब भरपूर सोसतो, ताण फारसा नाही. सपाट छत स्वतःच्या वजनाने मध्ये वाकू पाहतं आणि त्याच्या खालच्या अंगाला ताण येतो. दोन खांबांमधलं अंतर कमी ठेवलं की हा ताण आवाक्यात राहतो. सभामंडपात जाड, चौकोनी खांबांच्या रांगा आहेत, त्या याच कामाच्या. नक्षी जवळपास नाही. वेरूळ पाहून आलेल्यांचा हिरमोड होतो खरा, पण मला हे उघडेबोडके खांबच जास्त आवडतात. मागे तीन गाभारे, मधल्यात शिवलिंग.

काम अपुरंच राहिलं. रचलेल्या मंदिरात अपुरेपणा म्हणजे कमी पडलेले दगड. इथे तो जास्तीच्या, न काढलेल्या दगडात आहे. त्यामुळे नुसतं दर्शन घेऊन परतणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.