मिरजेची तबकडी आणि कोयनेची वीज

मिरजेत सतारी जुळवणाऱ्या कारागिराला अँपची (अँप्लिफायरची) गुणगुण ऐकवली, तर तो आधी तिचा स्वर सांगेल. पेटीच्या पट्ट्यांत, पांढरी पाचच्या जरा वर, पण काळी चार नाही. आणि ते बरोबर असतं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची. अँपमध्ये तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, होताना जी लहर उरते ती 100 हर्ट्झची. खर्जातली पांढरी पाच 98 हर्ट्झवर, काळी चार सुमारे 104 वर. गुणगुण या दोघींच्या मधे बसते आणि कुठल्याच पेटीशी जुळत नाही.

‘लाईटमुळे आवाज बिघडतो’ ही तक्रार सांगली-मिरजेत रेकॉर्ड प्लेअरच्या काळापासून आहे. तक्रार एकच राहिली, कारण मात्र दर पंधरा-वीस वर्षांनी बदललं. दुकानात उपाय बहुतेक वेळा आधीच्या दुखण्यावरचा मिळतो.

पहिलं दुखणं फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे या हेलकाव्यांच्या वेगाचं. राज्य वीज मंडळ 1960 साली आलं, 1962 मध्ये कोयनेची वीज सुरू झाली. पाणी सातारा जिल्ह्यातलं, वीजघर घाटाखाली पोफळीला, डोंगराच्या पोटात. पाण्यावरची जनित्रं काही मिनिटांत सुरू होतात, म्हणून संध्याकाळची ओढ कोयनेवर येते. पण मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली की सगळ्या ग्रिडमधली (एकमेकांना जोडलेल्या वीजजाळ्यातली) जनित्रं जडावतात, मंद फिरतात आणि 50 हर्ट्झ खाली घसरतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांत संध्याकाळी 49 च्याही खाली जाणं नवलाचं नव्हतं.

बल्बला याचं काही नसतं. सिंक्रोनस मोटरच्या रेकॉर्ड प्लेअरला असतं, कारण ती मोटर फ्रिक्वेन्सीच्या तालावरच फिरते. आमच्या घरी तसला प्लेअर होता. संध्याकाळी साडेसातला तबकडीबरोबर पेटी धरली की सूर लागायचा नाही. रात्री अकरानंतर तीच तबकडी, तीच पेटी, आणि सगळं जागच्या जागी. वडील म्हणायचे, बुवा दिवसभर गाऊन दमतात.

हिशेब सोपा आहे. 48.5 हर्ट्झ म्हणजे 3 टक्के कमी. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत अंतर सुमारे 6 टक्क्यांचं. म्हणजे गाणं अर्धी पट्टी उतरलं. ती अर्धी पट्टी पेटीत कुठून आणणार?

गंमत पुढेच आहे. वेग तपासायला तबकडीवर ठिपक्यांची चकती ठेवायची. 50 हर्ट्झसाठी 180 ठिपके. निऑनच्या उजेडात ते स्थिर दिसले की वेग बरोबर 33⅓. आमचे ठिपके संध्याकाळीही ढिम्म हलायचे नाहीत. हलतील कसे? निऑन त्याच विजेवर लुकलुकणारा. मोटर मंद झाली तर दिव्याचं लुकलुकणंही तेवढंच मंद. साक्षीदार आरोपीच्याच घरचा. खरं काय ते पेटीलाच कळत होतं.

कॅसेट आली आणि डीसी मोटरमुळे घरातलं हे दुखणं गेलं. ग्रिडचं नंतर गेलं: जुलै 2002 पासून ग्रिडच्या पश्चिम विभागात, म्हणजे आपल्याकडे, घसरत्या फ्रिक्वेन्सीवर जास्त वीज ओढणाऱ्याला जास्त दर बसू लागला, 2006 मध्ये आपलं ग्रिड उत्तरेशी जोडलं गेलं, 2013 च्या शेवटी दक्षिणही आली. आज नियमातला पट्टा 49.90 ते 50.05 चा आहे. पेटीवाल्याची तक्रार उरलेली नाही.

व्होल्टेजचं दुखणं जास्त चिवट. 1956 च्या नियमांत घरगुती दाबाला 6 टक्क्यांची मुभा होती. 230 धरले तर 216 ते 244. शेतीपंप आणि गाव एकाच डीपीवर (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरवर), त्यातून घर लाइनच्या शेवटी, तर पंप चालू असताना 170 मिळाले तरी लोक ‘डिम लाईट’ म्हणून पुढे जात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपची ताकद दाबाच्या वर्गाने घटते: 170 वर 50 वॉटचा अँप जेमतेम 27 वॉटचा. आवाज तेवढाच हवा म्हणून बटण पुढे फिरवायचं की तबल्याची थाप फाटलीच. रात्री पंप बंद झाले की दाब चढायचा. आणि डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात 400 च्या आसपास येऊ शकतात. त्या दिवशी आवाजाचा प्रश्न नसतो, जळक्या वासाचा असतो. स्टॅबिलायझर घेण्यात तेव्हा खरोखर शहाणपण होतं, मग त्याच्या रिलेची टकटक गाण्याच्या मधे आली तरी बेहत्तर. पुढे गावठाणाचे फीडर (वीजवाहिन्या) पंपांपासून वेगळे झाले, तेव्हा कुठे गावातले दिवे जरा सरळ झाले.

सांगली आकाशवाणी 1963 ची, 1251 किलोहर्ट्झवर. केंद्राच्या जवळपास राहणाऱ्यांच्या रेडिओत एक विचित्र गुणगुण यायची: काटा केंद्रावर नेमका आणला की सुरू, जरा हलवला की गायब. घरातल्या वायरिंगमध्ये शिरलेली केंद्राची लहर रेक्टिफायरमध्ये, म्हणजे डीसी करणाऱ्या डायोडांत, 100 हर्ट्झने कापली जाते, म्हणून. डायोडवर एक छोटा कपॅसिटर टाकला की थांबते. जाणता मेकॅनिक काही पैशांत हे करायचा. न जाणता ट्रान्सफॉर्मर बदलायचा.

भारनियमनात इन्व्हर्टर आले, स्वस्तातले चौकोनी लहरीचे. पंखा घुमायचा, अँपचा ट्रान्सफॉर्मर भुणभुणायचा.

आजचं दुखणं दाबाचं नाही, कचऱ्याचं आहे. चार्जर, एलईडी, टीव्ही हे सगळे लहरीच्या शेंड्यावरच वीज ओढतात, त्यामुळे शेंडा चपटा होतो. मीटर 230 दाखवतो, पण शुद्ध लहरीत मिळणारे 325 चे शिखर मिळत नाही. वर चार्जरची बारीक किणकिण. फोनोची, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची, पिन जेमतेम 5 मिलिव्होल्ट देते, आणि तबकडीत दबवलेला खर्ज परत उचलणाऱ्या दुरुस्तीवक्रात 50 हर्ट्झचा आवाज 1000 हर्ट्झच्या मानाने सातेक पट वाढवला जातो. तिथे काहीही लपत नाही.

अशा वेळी वीस हजारांची पॉवर केबल विकली जाते. डीपीपासून बोर्डापर्यंत शेकडो फूट साधी ॲल्युमिनियमची तार, आणि शेवटचे पाच फूट चांदीचे! माझ्या मते आधी अँपशेजारचा चार्जर काढावा, केबल टीव्हीची वायर सुटी करून पाहावी, कारण दोन वाटांनी आलेल्या अर्थिंगची गुणगुण तिथूनच येते, आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावं. अर्थची पिन मोडून गुणगुण घालवणारेही आहेत. ते करू नये, शॉक लागतो.

परवा जुन्या प्लेअरवर ती 180 ठिपक्यांची चकती पुन्हा ठेवली. एलईडीच्या उजेडात ठिपके दिसलेच नाहीत, नुसता राखाडी पट्टा. हा दिवा लुकलुकतच नाही. शेवटी स्विचबोर्ड उघडून त्यातला लाल निऑन इंडिकेटर वायरीसकट बाहेर ओढला आणि चकतीजवळ धरला. ठिपके थांबले. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, आणि पेटीही जुळली.