पाण्यात न बुडवता दिलेलं पाणी

गाडीच्या बॉनेटवर अंगठा दाबून पत्रा किती आत जातो ते बघायची खोड बऱ्याच जणांना असते. पत्रा जरा दबला की निकाल तयार: "हल्ली नुसता डबा देतात!" या परीक्षेत गोची एवढीच, की अंगठ्याखाली येणारा पत्रा माणूस वाचवायच्या कामाचा नसतोच. त्याची जाडी जेमतेम 0.7 मिलिमीटर. वारा-पाऊस अडवायचा आणि रंग मिरवायचा, एवढंच त्याचं मुख्य काम. खरं राबणारं पोलाद आत दडलेलं असतं: दाराच्या अस्तरामागे, छताच्या कडेला, आणि पुढच्या व मागच्या दारांच्या मधल्या खांबात. या खांबाला बी-पिलर म्हणतात.

दीड हजार किलोची गाडी ताशी 56 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली, तर सुमारे 180 किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी बारा मीटर उंचीवरून खाली सोडावी, तसा हा प्रकार. समोरून धडक बसली तर निदान नाकाची लांबी हाताशी असते. पुढचा भाग साठेक सेंटीमीटर चेपत गेला, तर आतल्या माणसाला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट हिसका बसतो. पट्टा बांधलेला असेल तर एवढं निभावतं. नाक मुळीच चेपलं नाही, तर निभावत नाही. गाडीची टोकं मऊ आणि मधली खोली टणक ठेवायची, ही कल्पना डाइमलर-बेंझमधले अभियंते बेला बारेन्यी यांची. त्यांनी 1951 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1959 च्या मर्सिडीजमध्ये ती प्रत्यक्षात आली. त्यामुळे पुढच्या दांड्यांचं पोलाद मुद्दाम मध्यम ताकदीचं निवडतात. ते पेटीच्या भात्यासारखं घडी घालत चेपलं पाहिजे. पहिली घडी कुठे पडावी, यासाठी त्यात आधीच खाचा पाडून ठेवलेल्या असतात.

बाजूने धडक बसली तर ही चैन नाही. दार आणि खांदा यांच्यात वीतभर जागा. तिथे खांब वाकूनच चालत नाही.

मग सगळ्यात ताकदवान पत्रा आणून प्रेसखाली का ठोकत नाहीत? ताकदवान पत्रा थंड असताना खोल दाबला तर चिरतो, आणि चिरला नाही तर प्रेस उघडताच थोडा मागे उसळतो. हव्या त्या मापात तो बसतच नाही. यावरची युक्ती लोहाराला केव्हापासून ठाऊक आहे: मऊ असताना घडवायचं आणि नंतर पाणी द्यायचं. तापून लाल झालेलं पातं पाण्यात बुडवलं की धार टिकते. स्वीडनमधल्या प्लान्या कंपनीने 1977 मध्ये पेटंट घेतलं ते घडवणं आणि पाणी देणं एकाच ठोक्यात उरकण्यासाठी, आणि सुरुवातीला त्यातून करवतीची आणि गवत कापायच्या यंत्राची पाती निघत. गाडीत ही पद्धत पहिल्यांदा आली 1984 च्या साब 9000 मध्ये. गवताच्या पात्यावरून माणसाच्या बरगड्यांपर्यंतचा हा प्रवास मला फार गमतीचा वाटतो.

यासाठी लागणाऱ्या पोलादाचं नाव 22एमएनबी5. त्यात कार्बन 0.22 टक्के, मँगेनीज सव्वा टक्क्याच्या आसपास, आणि बोरॉन दहा लाख भागांत वीस-तीस भाग. भाजीतल्या हिंगाइतकंही नाही, पण त्याच्यावाचून काम अडतं. भट्टीत हा पत्रा 900 ते 950 अंशांपर्यंत तापवतात. एवढ्या उष्णतेत लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनला आत शिरायला जागा होते. सावकाश थंड केलं तर कार्बन बाहेर पडून वेगळा थर धरतो आणि पोलाद मऊ राहतं. झटकन थंड केलं तर तो आतच अडकतो आणि अणूंची सगळी जाळी ताणली जाते. या ताणलेल्या रूपाला मार्टेन्साइट म्हणतात. बोरॉन पोलादातल्या बारीक कणांच्या सीमेवर जाऊन बसतो आणि मऊ रूपाला तिथे मूळ धरू देत नाही. थंड करणाऱ्याला त्यामुळे थोडी सवड मिळते. थोडीच, कारण तरीही सेकंदाला सुमारे 27 अंश तरी तापमान उतरावंच लागतं.

प्रेसपाशी हे बघण्यासारखं असतं. भट्टीच्या तोंडातून नारिंगी तुकडा बाहेर येतो, यंत्राचा हात तो उचलून साच्यावर ठेवतो. हे सगळं मोजक्या सेकंदांत, कारण हवेतच तो निवायला लागलेला असतो. साचा मिटतो आणि मिटलेलाच राहतो. पाणी इथेही आहे, पण पत्र्याला त्याचा थेंबही लागत नाही. साच्याच्या पोटात कोरलेल्या नळ्यांमधून ते वाहतं आणि दाबलेल्या पोलादातून उष्णता ओढून घेतं. पाच-दहा सेकंदांनी साचा उघडतो, तोवर नारिंगी तुकड्याचा राखाडी खांब झालेला असतो. भट्टीत जाण्याआधी 600 मेगापास्कल ताकदीचा होता, साच्यातून बाहेर निघताना 1500 चा. म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेला दीडशे किलो टांगण्याइतका. पण साचा कुठे नीट टेकला नाही, केसाएवढी फट राहिली, तर तेवढी जागा हळू निवते आणि मऊ राहते. डोळ्यांना ती दिसत नाही. म्हणून नमुने कापून त्यांचा कठीणपणा मोजतात.

उघडा पत्रा एवढा तापला की त्यावर खपली धरते. ती टाळायला ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा लेप असतो. पण भट्टीत घाई केली तर तो लोखंडात मुरण्याआधीच वितळतो आणि भट्टीच्या रुळांना चिकटतो. निवताना इतकी घाई आणि तापताना इतका धीर!

खांब सगळीकडे सारखाच टणक ठेवणंही बरोबर नाही. छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवर तो वाकू नये, पण खाली, बैठकीच्या पातळीला थोडा वाकला तर बरंच, कारण तिथे ऊर्जा जिरते आणि छातीपासून धोका लांब राहतो. म्हणून खांबाच्या खालच्या टोकाला टेकणारा साच्याचा भाग गार न करता उलट चारशे-पाचशे अंशांवर तापवून ठेवतात. तिथे पत्रा हळू निवतो आणि चिवट राहतो. एकाच तुकड्याची दोन टोकं, दोन स्वभाव.

अशा खांबाला धडकेत बाक आला तर गॅसची ज्योत लावून ठोकायचा नसतो. अडकलेला कार्बन मोकळा होतो आणि दिलेलं पाणी उतरतं. खांब दिसायला सरळ होतो, ताकद मात्र परत येत नाही. कंपनीने आखून दिलेल्या जागी कापून नवाच बसवावा लागतो. कापणं तरी कुठे सोपं? कारखान्यात खांबाच्या कडा लेसरने छाटतात, आणि अपघातानंतर माणसं बाहेर काढणाऱ्या पथकांच्या जुन्या हायड्रॉलिक कात्र्या या पोलादापुढे हात टेकत. म्हणून कंपन्या प्रत्येक मॉडेलचा सांगाडा दाखवणारा कागद या पथकांना देतात. त्यात टणक भाग वेगळे दाखवलेले असतात, कात्री कुठे लावायची नाही ते कळावं म्हणून.