वनस्पतिविज्ञानातील समीक्षा लेख : हस्तलिखिताची तयारी आणि सादरीकरण

समीक्षा लेख म्हणजे एखाद्या वैज्ञानिक प्रश्नावर आजवर प्रसिद्ध झालेले संशोधन एकत्र वाचून, पारखून, त्यातून काय पक्के झाले, कशाबद्दल मतभेद आहेत आणि कुठे अजून कोणी हातच घातलेला नाही हे सांगणारा लेख. महाविद्यालयांत आणि प्रयोगशाळांत त्याला ‘रिव्ह्यू पेपर’ म्हणतात. शोधनिबंधात लेखकाचे स्वतःचे प्रयोग असतात. समीक्षा लेखात बहुधा नवा प्रयोग नसतो, नवा असतो तो निवाडा. ‘अमुकाने असे दाखवले, तमुकाने तसे दाखवले’ या चालीवर दीडशे निबंधांचे सारांश ओळीने लावले, तर वाचकाच्या हाती दीडशे निबंधांचे ओझे तेवढे येते. वनस्पतिविज्ञानाची जर्नल्स अशी हस्तलिखिते परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे.

परंपरा

संशोधन इतके वाढले की एका माणसाला सगळे वाचणे अशक्य झाले, या अडचणीतून समीक्षेची स्वतंत्र नियतकालिके निघाली. स्टॅनफर्डचे जीवरसायनशास्त्रज्ञ जे. मरी लक यांनी १९३२ मध्ये जीवरसायनशास्त्राचा वार्षिक आढावा सुरू केला आणि त्यातून ‘ॲन्युअल रिव्ह्यूज’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. तिचा वनस्पतींच्या शरीरक्रियाविज्ञानावरचा खंड १९५० पासून निघू लागला. आज तो ‘ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ प्लांट बायॉलॉजी’ या नावाने ओळखला जातो. ‘द बॉटॅनिकल रिव्ह्यू’ १९३५ चे, ‘ट्रेंड्स इन प्लांट सायन्स’ १९९६ चे. आर्थर टान्सली यांनी १९०२ मध्ये काढलेल्या ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मध्ये १९८५ पासून त्यांच्याच नावाची समीक्षामाला चालते. ‘इकोसिस्टिम’ हा शब्द १९३५ मध्ये छापील स्वरूपात आणणारे टान्सली ते हेच.

निमंत्रण की प्रस्ताव

हस्तलिखित लिहायला घेण्याआधी एक गोष्ट ठाऊक हवी : बरीच नामांकित समीक्षा-जर्नल्स आगंतुक हस्तलिखिते घेतच नाहीत. ‘ॲन्युअल रिव्ह्यू’चे विषय आणि लेखक संपादक मंडळ ठरवते. ‘ट्रेंड्स’सारख्या ठिकाणी आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. फ्रंटियर्ससारखी मुक्त-प्रवेश (वाचकाला विनाशुल्क खुली) जर्नल्स थेट हस्तलिखित स्वीकारतात. तिथे मोठ्या समीक्षा लेखाला १२,००० आणि मिनी रिव्ह्यूला ३,००० शब्दांची मर्यादा असते.

प्रस्ताव एक-दोन पानांचा असतो. विषय कोणता, तो आत्ताच का, गेल्या तीन-चार वर्षांत त्यावर कोणते समीक्षा लेख आले आणि त्यांच्याहून हा वेगळा कसा, प्रमुख विभाग कोणते, कोणत्या आकृत्या असतील आणि लेखकांचा या विषयात स्वतःचा अनुभव काय, एवढे त्यात यावे. अनुभवाच्या प्रश्नावर नवखे लेखक अडखळतात. संपादकाच्या दृष्टीने तो रास्त प्रश्न आहे. ज्याने स्वतः कधी क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करण्याची पद्धत) केली नाही, त्याला दुसऱ्याच्या आलेखातले संशयास्पद शिखर ओळखू येईलच असे नाही.

आपल्याकडे समीक्षा लेखाचा उगम बहुधा पीएच.डी. प्रबंधातल्या ‘साहित्याचा आढावा’ या प्रकरणात असतो. ते प्रकरण जसेच्या तसे पाठवले की नकार ठरलेला. प्रबंधात विद्यार्थ्याने वाचले आहे हे परीक्षकाला पटवायचे असते, म्हणून सगळे घ्यावे लागते. समीक्षा लेखात एक प्रश्न धरायचा असतो आणि त्याला न लागणारे, कितीही कष्टाने वाचलेले असो, सोडून द्यायचे असते. ‘ज्वारीतील अवर्षण सहनशीलता’ हा प्रबंधाचा मथळा झाला. ‘फुलोऱ्यानंतर पाणी तुटले तरी पाने हिरवी ठेवणाऱ्या ज्वारीत धान्याचे वजन टिकते ते मुळांमुळे की लहान पर्णसंभारामुळे’ हा समीक्षेचा प्रश्न झाला. मालदांडीसारखे रब्बी वाण जमिनीतल्या साठवलेल्या ओलीवर तग धरतात, त्यामुळे सोलापूर-अहिल्यानगरच्या संशोधकाला हा प्रश्न जवळचाही आहे.

नावांचा गुंता

वनस्पतिविज्ञानाच्या समीक्षेत सर्वांत जास्त चुका नावांत होतात आणि तिथेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वनस्पतीचे शास्त्रीय नाव बदलते, पण जुने निबंध जुन्या नावानेच राहतात. तुळस जुन्या निबंधांत ऑसिमम सँक्टम आहे, आता स्वीकृत नाव ऑसिमम टेन्यूइफ्लोरम. टोमॅटो लायकोपर्सिकॉन प्रजातीतून (जीनसमधून) सोलॅनममध्ये गेला. बाभूळ आणि खैर दोन्ही अकेशिया होते. व्हिएन्नाच्या २००५ च्या आणि मेलबर्नच्या २०११ च्या वनस्पतिशास्त्र अधिवेशनांत अकेशिया हे नाव मुख्यतः ऑस्ट्रेलियातील गटाकडे राहिले आणि बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका, खैर सेनेगॅलिया कॅटेचू झाला. फक्त नव्या नावाने शोध घेणाऱ्याच्या हातून बाभळीवरचे अनेक दशकांचे काम निसटते.

सह्याद्रीतल्या नरक्या या औषधी झाडाचे उदाहरण याहून बोलके आहे. कर्करोगावरील औषधांचे मूळद्रव्य असलेले कॅम्प्टोथेसिन १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी एका चिनी वृक्षातून वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते भारतीय नरक्यात असल्याचे प्रसिद्ध केले. त्या निबंधात वनस्पतीचे नाव मॅपिया फीटिडा आहे. पुढच्या काळात नोथापोडायटिस फीटिडा आले, आज नोथापोडायटिस निम्मोनियाना चालते. तिन्ही नावे शोधात घातली नाहीत, तर नरक्यावरच्या समीक्षेत सुरुवातीचाच दुवा नसतो.

स्थानिक नावे तर आणखी फसवी. ‘शंखपुष्पी’ म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस आणि गोकर्ण या तिन्ही वनस्पती बाजारात आणि निबंधांत वावरतात. औषधी वनस्पतींची समीक्षा लिहिणाऱ्याने प्रत्येक मूळ निबंधात पाहावे : अभ्यासलेला नमुना कोणत्या वनस्पतिसंग्रहालयात, कोणत्या क्रमांकाने जमा केला आहे का? क्रमांक नसेल, तर तो निष्कर्ष कोणत्या वनस्पतीचा हे खात्रीने सांगता येत नाही, आणि समीक्षेत तसे स्पष्ट लिहिले पाहिजे.

स्वीकृत नाव पाहण्यासाठी क्यू येथील उद्यानाचे २०१७ पासूनचे ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ वापरतात. ‘द प्लांट लिस्ट’ या जुन्या यादीची शेवटची आवृत्ती २०१३ ची असल्याने आता ती आधाराला धरू नये. नामकरणाच्या नियमांची सध्याची संहिता २०२४ च्या माद्रिद अधिवेशनानंतर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखात नाव पहिल्यांदा येताना ते पूर्ण, तिरप्या अक्षरांत आणि नामकर्त्यासह द्यावे; नंतर प्रजातीचे आद्याक्षर पुरते. पण सोलॅनम आणि सॉर्घम एकाच लेखात असतील, तर दोघांचे आद्याक्षर एकच होते आणि वाचक गोंधळतो. अशा वेळी पूर्ण नाव पुन्हा लिहिण्यात कमीपणा नाही.

जनुकांच्या लेखनालाही शिस्त असते. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळांतल्या नमुना-वनस्पतीत मूळ जनुक तिरप्या मोठ्या (कॅपिटल) लिपीत, उत्परिवर्ती जनुक तिरप्या लहान लिपीत आणि प्रथिन सरळ मोठ्या लिपीत लिहितात. भाताचे आणि मक्याचे संकेत वेगळे आहेत. एका वाक्यात जनुक म्हणायचे आहे की प्रथिन, हे केवळ अक्षरांच्या वळणावरून ठरते, म्हणून परीक्षक यावर बोट ठेवतात.

शोध आणि पारख

शोध कोणत्या दिवशी, कोणत्या संग्रहात, कोणत्या शब्दांनी घेतला याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि शेतीसाठी कॅब ॲबस्ट्रॅक्ट्स हे नेहमीचे संग्रह. भारतीय प्रबंध ‘शोधगंगा’वर, तर जुने वनस्पतिशास्त्रीय ग्रंथ ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’त मिळतात. पद्धतशीर समीक्षा (आधी ठरवलेल्या निकषांनी निबंध शोधून, निवडून केलेली) करायची असेल तर प्रिझ्मा २०२० ही २७ मुद्द्यांची तपासणी-यादी पाळतात आणि किती निबंध सापडले, किती गाळले व का, हे प्रवाह-आकृतीत दाखवतात. कथनात्मक समीक्षेला एवढी सक्ती नसते, पण ती नोंद ठेवणाऱ्याचा लेख परीक्षकापुढे ठाम उभा राहतो.

खरे कौशल्य मात्र पुढे लागते. दोन निबंध परस्परविरोधी निघाले की ‘यावर मतभेद आहेत’ एवढे लिहून पुढे जाणे सोपे असते. समीक्षकाने विचारावे : एक प्रयोग कुंडीत होता आणि दुसरा शेतात होता का? वाण एकच होते का? क्षारतेचा प्रयोग असेल तर मीठ एकदम दिले की हळूहळू? पाने कोणत्या वयाची तोडली? बहुतेक वेळा विरोधाचे कारण अशाच कुठल्यातरी तपशिलात असते, आणि ते शोधून काढणे ही समीक्षेची कमाई आहे.

याचा उत्तम नमुना म्हणजे एलिझाबेथ एन्सवर्थ आणि स्टीफन लाँग यांचा ‘न्यू फायटॉलॉजिस्ट’मधला २००५ चा लेख. पिकाभोवती भिंती न उभारता मोकळ्यावरच कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवण्याच्या ‘फेस’ प्रयोगांचा तो आढावा. १२ मोठ्या प्रयोगांवरचे १२० निबंध घेऊन त्यांनी आकडे एकत्र तपासले. बंदिस्त कक्षांतल्या जुन्या प्रयोगांवरून जेवढी अपेक्षा होती, त्याहून धान्यपिकांचे उत्पादन बरेच कमी वाढते, वृक्ष जास्त प्रतिसाद देतात आणि ज्वारीसारख्या सी-४ (प्रकाशसंश्लेषणाची वेगळी पद्धत असलेल्या) वनस्पती फारशा बदलत नाहीत, हे त्यातून दिसले. सुटे निबंध आधीच छापलेले होते. वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे धान्य आपोआप वाढेल ही आशा किती धरावी, हे ते शेजारी मांडल्यावर कळले.

आकृत्यांचेही तसेच. जोनाथन जोन्स आणि जेफ्री डँगल यांच्या २००६ च्या ‘नेचर’मधील समीक्षेत वनस्पतीची प्रतिकारशक्ती आणि रोगजंतू यांची चढाओढ नागमोडी रेषेने दाखवली होती. ती ‘झिगझॅग’ आकृती पुढे जगभरच्या वर्गांत फळ्यावर आली. चांगली आकृती लेखाचा युक्तिवाद दाखवते. पाठ्यपुस्तकातले पानाचे चित्र सजवून पुन्हा काढण्याला समीक्षेत जागा नाही.

दुसऱ्याच्या निबंधातील आकृती वापरायची, तर प्रकाशकाची लेखी परवानगी लागते; थोडे फेरफार करून ‘आधारित’ म्हटले तरी बहुधा लागते. मुक्त परवान्याखालील आकृतीला परवान्याच्या अटी पाळून श्रेय द्यावे. बायोरेंडरसारख्या साधनात काढलेल्या चित्रालाही प्रकाशनाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. ही कागदपत्रे हस्तलिखित पाठवण्यापूर्वीच गोळा करावीत. स्वीकृतीनंतर धावाधाव केली तर लेख महिनाभर अडकतो.

हस्तलिखिताची रचना

प्रत्येक जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वेगळ्या असतात आणि त्या सुरुवातीलाच वाचाव्यात. टान्सली मालेत सारांशासोबत अनुक्रम देतात आणि विभागांना रोमन आकडे असतात. इतरत्र साधे क्रमांक चालतात. ओळींना क्रमांक आणि ओळींत मोकळी जागा परीक्षकांच्या सोयीसाठी असते. संदर्भ झोटेरोसारख्या साधनात ठेवले की जर्नल बदलताना शैली बदलणे सोपे जाते, शिवाय मागे घेतलेला निबंध यादीत असेल तर झोटेरो इशारा देते. मागे घेतलेल्या निबंधावर निष्कर्ष उभा करणे ही समीक्षेतली फार मोठी चूक आहे. दुसऱ्या समीक्षेत वाचलेले विधान मूळ निबंध न उघडता त्याच्या नावे देणेही तितकेच वाईट. अशी एक चूक पुढच्या दहा लेखांत उतरत जाते.

सादरीकरण

सादरीकरण ऑनलाइन प्रणालीतून होते. संपादकाला पत्र, लेखकांचे ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारे), हितसंबंधांचे निवेदन, अर्थसाहाय्य आणि प्रत्येक लेखकाचे योगदान भरावे लागते. योगदानासाठी बरीच जर्नल्स ‘क्रेडिट’ या १४ भूमिकांच्या वर्गीकरणाचा आधार घेतात. गाइडचे किंवा विभागप्रमुखांचे नाव केवळ मान म्हणून घालण्याची रीत या रकान्यांपुढे टिकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन लेखक होऊ शकत नाही. भाषा सुधारण्यासाठी वापरले असल्यास बहुतेक प्रकाशक ते नमूद करायला सांगतात. अशा साधनाने सुचवलेला प्रत्येक संदर्भ मूळ जागी जाऊन पाहावा, कारण त्यात अस्तित्वात नसलेले निबंधही असू शकतात.

संपादक प्रथम स्वतः वाचतो आणि विषय बसत नसेल तर तिथूनच परत पाठवतो. पुढे गेलेला लेख सहसा दोन-तीन परीक्षकांकडे जातो. मोठी दुरुस्ती सुचवली म्हणजे दार उघडे आहे. उत्तर देताना परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली काय बदलले आणि कोणत्या ओळीत, हे लिहावे. न पटलेला मुद्दा आधार देऊन नम्रपणे नाकारता येतो. ‘माझा अमुक निबंध उद्धृत करा’ असा आग्रह विषयाशी संबंध नसताना झाला, तर संपादकाला कळवण्याचा लेखकाला हक्क आहे.

ईमेलमध्ये अतिशय आदराने बोलावणारी, आठवड्यात छापण्याची हमी देणारी आणि आधी शुल्क मागणारी जर्नल्स टाळावीत. संपादक मंडळातील व्यक्ती खरेच तिथे आहेत का, मागचे अंक वाचण्याजोगे आहेत का, हे पाहायला अर्धा तास लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘केअर’ ही मान्य जर्नल्सची यादी २०२५ मध्ये बंद झाल्यामुळे ही पडताळणी आता संस्थेने आणि लेखकानेच करायची आहे. शुल्क परवडत नसेल, तर वर्गणीवर चालणाऱ्या जर्नलमध्ये विनाशुल्क छापण्याचा मार्ग बहुतेक ठिकाणी खुला असतो.

लेख स्वीकारल्यावर मुद्रिते (प्रूफ) येतात आणि ती तपासायला बहुधा दोन-तीन दिवसच मिळतात. त्यात आधी शास्त्रीय नावे पाहावीत : मांडणी करताना तिरपी अक्षरे सरळ होतात, लहान लिपीतले उत्परिवर्ती जनुक मोठ्या लिपीत जाते, तक्त्यातला एक दशांश चिन्हाचा बिंदू गळतो. छापल्यानंतर सापडलेल्या अशा चुकीसाठी स्वतंत्र शुद्धिपत्र काढावे लागते आणि ते कायम लेखाला जोडलेले राहते.