इन्फ्रारेड फिल्मसाठी वेगळी रसायने लागतात का?

कृष्णधवल इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या) फिल्मसाठी खास डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन) आणि खास फिक्सर (ते चित्र टिकाऊ करणारे रसायन) हवा, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. या फिल्मच्या इमल्शनमध्येही, म्हणजे प्रकाशसंवेदी थरातही, नेहमीचेच सिल्व्हर हॅलाइड (चांदीचे प्रकाशसंवेदी संयुग) असते. फक्त त्यात मिसळलेल्या संवेदक रंगद्रव्यांमुळे इल्फर्ड एसएफएक्स 200 ही फिल्म सुमारे 740 आणि रोलाय इन्फ्रारेड 400 ही सुमारे 820 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपते. हा प्रकाश कोणत्या तरंगलांबीचा होता, याच्याशी डेव्हलपरचा काहीही संबंध नसतो. त्यामुळे निवड करायची ती दाणा (चित्रात दिसणारे बारीक कण) आणि कॉन्ट्रास्ट पाहूनच: डी-76 या डेव्हलपरमध्ये दाणा आटोक्यात राहतो, तर रॉडिनल या डेव्हलपरमध्ये तो ठळक होतो, पण कडा रेखीव येतात.

कोडॅकच्या एचआयई या इन्फ्रारेड फिल्मवरील प्रसिद्ध धूसर प्रभेचे श्रेयही अनेकदा डेव्हलपरला दिले जाते. वास्तविक त्या फिल्मला अँटिहॅलेशन थर (प्रकाशाचे परावर्तन रोखणारा थर) नव्हता, म्हणून प्रकाश मागून परावर्तित होऊन पसरत असे. 2007 मध्ये ती फिल्म बंद झाली आणि कोणतेही रसायन ती प्रभा परत आणू शकत नाही.

फिक्सर साधा रॅपिड फिक्सर चालतो. मात्र तो ताजा असणे अत्यंत आवश्यक आहे. फिक्सिंगचा वेळ ठरवण्यासाठी त्याच फिल्मच्या कोऱ्या, डेव्हलप न केलेल्या तुकड्यावर फिक्सरचा एक थेंब ठेवावा, अर्ध्या मिनिटाने तुकडा फिक्सरमध्ये पूर्ण बुडवावा आणि थेंबाचा डाग भोवतालात मिसळून दिसेनासा होईपर्यंतचा वेळ मोजून फिक्सिंगला त्याच्या दुप्पट वेळ द्यावा.