जुन्या डिझेल गाडीची गळती: दोष वयाचा की डिझेलचा?

जुनी डिझेल गाडी गळायला लागली की निदान ठरलेलं असतं: रबर म्हातारं झालं. ते खरं आहे, पण अर्धंच. त्या रबराला ज्या डिझेलची सवय होती, ते डिझेलच आता पंपावर मिळत नाही. उरलेली अर्धी गोष्ट इथे आहे, आणि ती समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये आउग्सबुर्गला यशस्वीपणे चाललं. त्यात इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने आत फुंकलं जाई. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर इतका अवजड होता की कारखान्यात आणि जहाजावर तो चालून गेला, मोटारीत बसवणं शक्य नव्हतं. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने 1922 मध्ये कॉम्प्रेसरशिवाय, नुसत्या दाबाने डिझेल आत फवारणाऱ्या इंजेक्शन पंपावर काम सुरू केलं आणि 1927 पासून तो पंप कारखान्यातून बाहेर पडू लागला. पुढे 1936 मध्ये मर्सिडीज-बेंझची 260 डी ही डिझेल मोटार आली.

या पंपाने गाडीतल्या डिझेलच्या वाटेचे तीन भाग पाडले: टाकीपासून पंपापर्यंत ओढीचा, पंपापासून नोझलपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीपर्यंत, दाबाचा आणि उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्नचा. तिन्ही भागांची गळती वेगवेगळी असते.

दाबाच्या भागात मुळात रबर नसतंच. जुन्या इंजिनांतही नोझल उघडायला शंभर बारपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून तिथे जाड स्टीलच्या नळ्या आणि धातूवर धातू दाबून बसणारे जोड असतात. असा जोड म्हातारपणाने क्वचितच गळतो. नळ्यांना एकत्र धरणारे क्लॅम्प कुणीतरी काढून परत लावले नाहीत की नळी थरथरून चिरते, नाहीतर नळी जोडणारा युनियन नट नको इतका आवळल्याने टोकाचा शंकू चेपतो. चालू इंजिनावर इथली गळती बोटाने चाचपायची नाही. बारीक झोत कातडीतून आत शिरतो आणि वरून जखम क्षुल्लक दिसते. डिझेलच्या अशा जखमेची वैद्यकीय नोंद 1937 सालीच झालेली आहे. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावा.

ओढीच्या भागाची गंमत उलटी आहे. फोक्सवॅगन गोल्फ डिझेल 1976 मध्ये आली ती बॉशचा नवा, आटोपशीर व्हीई इंजेक्शन पंप घेऊन. टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप त्याच्या पोटातच होता, त्यामुळे वेगळा फीड पंप लागत नव्हता. फीड पंप असलेल्या इंजिनात फिल्टर सहसा त्याच्या पुढे, दाबाखाली असे आणि सील गेलं की जमिनीवर थेंब दिसत. नव्या रचनेत फिल्टरही ओढीवर आला. आता सील गेलं तरी इंजिन चालू असताना बाहेर काहीच येत नाही, गाडी एअर घेते, म्हणजे फटीतून हवा आत ओढली जाते. रात्रीतून डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं, सकाळी स्टार्टर फिरत राहतो, आणि इंजिन लागलं तरी काही वेळ अडखळतं. गाडी चढावर तोंड करून उभी असेल तर आणखी वाईट. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात. इंजिनाशेजारी डबा ठेवून थेट त्यातून डिझेल दिलं आणि गाडी निमूट चालली, तर दोष टाकीच्या बाजूला आहे हे नक्की. बॅटरी आणि ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) बदलून पाहण्याआधी हे करावं, पण बहुतेकदा क्रम उलटाच असतो.

रिटर्नच्या बारीक, कापडी विणीच्या नळ्या नोझलवर नुसत्या खोचलेल्या असतात. दाब नगण्य, म्हणून बहुधा क्लिपही नसते. आतलं रबर तडकलं तरी वरचं कापड ते झाकून ठेवतं आणि स्वतः टोकापर्यंत भिजतं, त्यामुळे डिझेल नेमकं कुठून येतंय ते कळत नाही. शेवटच्या नोझलवरची बंद टोपी तर हमखास विसरली जाते. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही, चिकट थर धरतं आणि त्यावर धूळ बसते. म्हणून आधी सगळं पुसून कोरडं करायचं, इंजिन चालवायचं आणि पहिला ओला ठिपका कुठे उमटतो ते पाहायचं.

आता रबराकडे. पंपाची सील बरीच वर्षं नायट्राइल रबराची असत. डिझेलमधले अ‍ॅरोमॅटिक घटक (बेंझिनसारखी कडी असलेले हायड्रोकार्बन) हे रबर शोषून घेतं, थोडं फुगतं आणि त्या फुगण्यानेच जागा घट्ट धरून राहतं. मग डिझेलमधल्या गंधकावर मर्यादा आल्या. स्वीडनने 1991 मध्ये अत्यल्प गंधक आणि अ‍ॅरोमॅटिक्सच्या डिझेलला करसवलत दिली. अमेरिकेत ऑक्टोबर 1993 पासून रस्त्यावरच्या वाहनांसाठी गंधकाची 500 पीपीएमची (दहा लाख भागांत 500 भाग) मर्यादा लागू झाली, आणि कॅलिफोर्नियाने त्याच वेळी अ‍ॅरोमॅटिक्सवरही 10 टक्क्यांची मर्यादा घातली. गंधक काढायची हायड्रोजनची प्रक्रिया अ‍ॅरोमॅटिक्सही कमी करते. वर्षानुवर्षं फुगलेली सील नव्या डिझेलमध्ये आकसली. ज्यांच्यात लवचीकपणा शिल्लक होता ती निभावली, कडक झालेली गळू लागली. सारखंच डिझेल भरलेल्या दोन गाड्यांपैकी एक गळते आणि दुसरी नाही, याचं एक कारण हे.

युरोपात गंधकाची मर्यादा 1996 मध्ये 500, 2005 मध्ये 50 आणि 2009 मध्ये 10 पीपीएमवर आली. पाठोपाठ बायोडिझेलचं (वनस्पती तेलं आणि चरबीपासून केलेल्या इंधनाचं) मिश्रण आलं, आणि त्याचं प्रमाण वाढलं की नायट्राइल मऊ पडून फुगतं, म्हणजे त्रास नेमका उलट्या बाजूने. फ्लोरोरबर, म्हणजे बाजारातलं व्हिटॉन, दोन्ही प्रकारच्या डिझेलला बऱ्यापैकी पुरून उरतं. ते 1950 च्या दशकातच निघालं होतं, पण महाग असल्याने साध्या गाड्यांच्या पंपात ते सरसकट वापरलं गेलं नाही. म्हणून सील किट घेताना पाकिटावरच्या पार्ट नंबरइतकंच आतलं रबर कोणतं हे विचारायला हवं. वर्षानुवर्षं फळीवर पडून राहिलेलं अस्सल कंपनीचं किटही जुन्याच नायट्राइलचं असू शकतं.